दोन परस पाण्याची अट

आमच्या घरात त्या वर्षी तीनशे खुर्च्या होत्या आणि बसायला जागा नव्हती.

धाकट्या दिराचा मंडपाचा धंदा आहे. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, धाडच्या पुढे. तिथलं आणि आसपासच्या दहा-बारा गावांतलं लग्न, बारसं, जयंतीचा कार्यक्रम, सगळ्याला सामान त्याचंच जातं. सीझन असला की खुर्च्या बाहेर असतात. सीझन संपला की खुर्च्या घरात येतात आणि माणसं बाहेर जातात. ओसरीत लाल खुर्च्यांच्या छतापर्यंत चळती, जिन्याखाली कनाती, माझ्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत माणूस बसेल एवढी भगोणी. त्यातल्या एका भगोण्यात मी एकदा वर्षाचे गहू भरून ठेवले. लग्नाच्या आदल्या दिवशी दिराला नेमकं तेच भगोणं लागलं. तेव्हापासून त्याच्या सामानात माझं सामान ठेवायचं नाही, असं मी लिहून ठेवलं आहे.

मी बरंच लिहून ठेवते. एका वसतिगृहाचं कोठीघर माझ्याकडे आहे. तांदूळ किती आले, डाळ किती गेली, तेलाचा डबा कधी फोडला, हे रोज लिहायचं. ती सवय घरी आली. फ्रीजवर माझ्या तीन याद्या कायम असतात. पहिली, आज काय करायचं. दुसरी, कोणी करायचं. तिसरी, कोणी केलं नाही. तिसरी यादी घरात कोणाला आवडत नाही, पण वाचतात सगळे तीच.

घराच्या मागे मोकळी जागा आहे आणि तिच्या मधोमध विहीर. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी ती खणली. तेव्हा गावच्या विहिरीवर आमच्या लोकांचा पोहरा चालत नव्हता. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून ते सकाळ-संध्याकाळ विहीर खणायचे आणि त्यांची बायको वरून माती-दगडाची टोपली ओढायची. सात परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. म्हणजे एकावर एक अशी सात माणसं. हे मामाजींनी मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं आणि नंतर कधीच सांगितलं नाही. मी माहेरची मलकापूरची, नळावर वाढलेली. मी "हो का" म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

पुढे गावात नळ आला. मग दिराने घरासमोर बोअर घेतलं. विहिरीकडे कोणी बघेना. ती हळूहळू गाळाने भरली, आटली, आणि दिराला ती दिसेनाशी झाली. त्याला तिथे फक्त जागा दिसू लागली.

चैत्रात एका संध्याकाळी जेवताना त्याने सांगून टाकलं, "मागची इहीर बुजवून टाकू. वर टिनाचं गोडाऊन. खुर्च्या तिकडे. वहिनी, तुमचं घर मोकळं होईन."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. मनात माझं भगोण्यांच्या खोलीत शिलाई मशीन ठेवूनही झालं होतं. दिराचं काम झपाट्याचं असतं. मुरमाच्या दोन ट्रॉल्या त्याने त्याच दिवशी फाटकाशी टाकल्या होत्या. विचारायचं राहिलं होतं, ते आता विचारत होता.

मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुतला. मागे जाऊन विहिरीच्या काठावर बसले. सकाळी जेवले नाहीत, संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसाने असं केलं की घरातल्या सगळ्यांच्या घशाखाली घास जात नाही. माझं म्हणाल तर सलग चार वेळा तीच भाकरी परत आली होती, आणि परत आलेलं अन्न मला कोठीघरातही बघवत नाही.

आमच्या वसतिगृहात दोन वर्षांपूर्वी जुन्या विहिरीत छताचं पाणी सोडलं होतं. पावसाचं पाणी आधी दगड-गिट्टी-रेतीच्या खड्ड्यातून गाळायचं, मग विहिरीत. मी तिथला खर्डा घरी आणला आणि पाचव्या जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर ठेवला. गाळ काढू, पन्हळी लावू, छताचं पाणी आत घेऊ. विहीर जिवंत झाली तर ठेवू.

"अन् नाई झाली तं?" दिराने विचारलं.

"तर तुमचं गोडाऊन."

"झाली का नाई झाली, ते कोन ठरवन?"

इथे माझी चूक झाली. मी घाईत होते, पातेल्यात वरण होतं आणि मला कागदावर काहीतरी पक्कं हवं होतं. मी लिहिलं: तुळशीच्या लग्नाच्या दिवशी विहिरीत दोन परस पाणी असल्यास विहीर राहील. नसल्यास बुजवण्यात येईल. आमच्या घरी तुळस नाही, आम्ही बौद्ध, पण दिराचा सगळा धंदा तुळशीच्या लग्नापासून सुरू होतो. त्यामुळे तीच तारीख पडली. दिराने सही केली. जावेने केली. माझे यजमान बुलढाण्याला कार्यालयात आहेत, त्यांनी न वाचता केली. मामाजींनी कागद डोळ्यांपासून लांब धरून दोनदा वाचला.

"दोन परस," ते म्हणाले. सही केली आणि ताट ओढून जेवायला बसले.

गाळ काढायला यारीवाला मिस्त्री आला. यारी म्हणजे विहिरीवर उभी करायची लोखंडी चरखी. मिस्त्री साठीचा, काटकुळा, आणि आयुष्य विहिरीत गेल्यामुळे जमिनीवरच्या कोणाला फारसा मान न देणारा. आठवडाभर काळा चिखल वर येत होता आणि मी पायरीवर वही घेऊन बसले होते. काय निघालं ते लिहिणं गरजेचं होतं, कारण तिसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया येऊन उभ्या राहू लागल्या. या विहिरीने चाळीस वर्षांत कोणाचं काय काय ठेवून घेतलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं. अकरा बादल्या निघाल्या. बादल्या काढायला सोडलेले आणि स्वतःच आत राहिलेले तीन गळ निघाले. एक पितळी तांब्या निघाला, त्यावर दोघींनी हक्क सांगितला. मी विचारलं, पोचा कोणत्या बाजूला आहे? दोघींनी वेगवेगळी बाजू सांगितली. तांब्याला दोन्हीकडे पोचे होते. शेवटी 'मालकी ठरली नाही' म्हणून तो मी तिसऱ्या यादीत टाकला.

जावेचा स्टीलचा डबा निघाला. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो हरवला तेव्हा तिने तो माहेरी दिला, असा आरोप तिच्यावर आला होता. डबा तिने तसाच चिखलाचा उचलला, ओसरीत नेऊन दिरासमोर ठेवला आणि पुन्हा कामाला लागली. दिवसभर कोणी तो हलवला नाही.

तळ लागला, खाली काळा दगड आला. मिस्त्री म्हणाला, "लय मन लावून खोदली हाये."

मामाजी मान हलवून आत गेले.

मग पन्हळी लागल्या. गाळणखड्डा झाला: खाली मोठे दगड, मध्ये गिट्टी, वर रेती. पहिल्या पावसाचं पाणी छताची धूळ घेऊन येतं, ते आत जाऊ द्यायचं नाही, म्हणून एक झडप. झडपेची ड्युटी मी फ्रीजवर लावली: मी घरी असताना मी, नसताना जाऊ. पहिला पाऊस आला तेव्हा जाऊ दोरीवरचे कपडे, वाळवणातल्या कुरड्या आणि झडप अशा तीन ठिकाणी एकाच वेळी होती असं तिचं म्हणणं आहे. कुरड्या वाचल्या.

असो. पाणी आलं. एका रात्रीच्या पावसात विहिरीत परसभर पाणी चढलं. मी सुतळीला परसापरसावर गाठी मारून मापाची दोरी केली होती. रोज सकाळी सहाला दोरी सोडायची, ओली गाठ बघायची, वहीत लिहायचं. आषाढात तीन परस झालं. मी वसतिगृहात पेढे वाटले.

चार दिवस उघाड पडली आणि पाणी परसभर खाली गेलं.

पुन्हा पाऊस, पुन्हा वर. पुन्हा उघाड, पुन्हा खाली. कोणी उपसत नव्हतं. मोटर नव्हती, रहाट नव्हता. तरी वहीतला आकडा माझ्या डोळ्यांदेखत खाली जायचा. कोठीघरातून रोज किलो-दोन किलो डाळ अशी गेली असती तर मी कुलूप बदललं असतं. इथे कुलूप कशाला लावणार? मी विचार केला, विहीर गळते आहे. गळतं त्याला प्लास्टर करतात. मी मिस्त्रीला निरोप धाडला.

तो आला. काठावर उकिडवा बसला. आत डोकावला.

"आतून पूर्ण सिमेंट करायचं," मी म्हणाले. "खालपासून वरपर्यंत. तळालासुद्धा."

"काऊन?"

"पाणी राहत नाही."

"इहिरीले बादली समजून राह्यल्या का बाई तुम्ही?"

"मग पाणी जातं कुठे?"

"जमिनीत. कुठी जाईन? मुंबईले?" त्याने खिशातून तंबाखूची पुडी काढली. "तुमच्या छताचं पाणी ते पिऊन राह्यली. खालच्या दगडात भेगा हायेत, त्यातून जाऊन राह्यलं. याच्यासाठीच तं केलं ना तुम्ही हे सारं? का फोटोसाठी केलं?"

वसतिगृहाच्या खर्ड्यात हे पहिल्याच ओळीत होतं: भूजल पुनर्भरण. मी तो खर्डा स्वतःच्या हाताने नकलून घेतला होता. नकलताना माणूस वाचत नाही.

म्हणजे विहीर तिचं काम चोख करत होती. जेवढं चोख करत होती तेवढं पाणी कमी दिसत होतं. आणि मी कागदावर लिहून, पाच सह्या घेऊन, असं ठरवून बसले होते की पाणी दिसलं नाही तर तिला बुजवायचं.

मिस्त्रीने तंबाखू मळत विचारलं, "मंग? करू सिमेंट?"

"नको," मी म्हणाले. त्याला चहा दिला. गेला.

दिराकडे जाऊन अट बदलून मागणं मला जमलं नाही. मीच लिहिलेली अट. आणि त्याला काय सांगायचं, की पाणी दिसत नाही म्हणजे भरपूर आहे? तो मंडपवाला आहे. खुर्च्या दिसत नाहीत म्हणजे भरपूर आहेत, असं त्याला कोणी सांगितलं तर तो पोलिसांत जाईल.

भादव्यानंतर पाऊस थांबला. विहिरीत तीन परस पाणी होतं. मी दर आठवड्याची घट काढली, दिवस मोजले, गुणाकार केला. दसऱ्याला दोन, दिवाळीला एक, तुळशीच्या लग्नाला जेमतेम अर्धा. मामाजींना मी हे सगळं सरळ सांगितलं. आधी कळलेलं बरं असतं.

"किती कमी पडन?" त्यांनी विचारलं.

"दीड परस तरी."

"दीड," ते म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले.

दसरा झाला. पाणी दोनवर आलं. आणि थांबलं.

मी रोज दोरी सोडायची, रोज दोन. एका बुधवारी तर चार बोटं वर. पाऊस नाही, ढग नाही, आणि पाणी वर. वसतिगृहातल्या सगळ्यांना मी सांगितलं की आमच्या विहिरीला झरा फुटला. आमच्या सुपरिटेंडेंट बाईंनी झरा बघायला यायचं ठरवलं. घरी मात्र कोणालाच आनंद झालेला दिसेना. यजमान "हो का" म्हणाले आणि पेपर उलटा केला. जाऊ "चांगलं झालं" म्हणाली आणि भांडी घासायला गेली, तीही घासून ठेवलेली.

दिवाळीनंतर एका रविवारी मी वहीतली पानं पुढे घेऊन बसले. पाणी वर गेलं ते दिवस मी लाल पेनने खुणावले. मग माझ्या ड्युटीचा तक्ता शेजारी ठेवला. मग दिराच्या ऑर्डरचं कॅलेंडर. झरा फुटायचा तो नेमका मी दिवसपाळीला आणि दीर बाहेरगावी असला की. मी घरी असताना एकदाही फुटला नव्हता. झऱ्याला माझी ड्युटी कशी कळते?

त्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि न सांगता घरी आले.

मागच्या अंगणात विहिरीच्या काठाशी एक लाल खुर्ची होती. खुर्चीत मामाजी, डोक्यावर दुपट्टा, दोन्ही हातांत काळा पाइप, पाइपाचं तोंड विहिरीत. पाणी धो धो पडत होतं. मागच्या दाराशी, बोअरच्या बटनापाशी, जाऊ गवारीच्या शेंगा निवडत बसली होती. मला बघून तिने बटन बंद केलं.

"लाइट गेली," ती म्हणाली.

आत पंखा फिरत होता.

"मामाजी, हे काय आहे?"

"पाइप."

"ते दिसते मले. विहिरीत काऊन?"

"तू लिहिलं का नाई, दोन परस पाणी पायजे? कुठचं पायजे ते लिहिलं नाई तू."

कागद माझ्या पर्समध्येच होता. मी काढून वाचला. खरंच लिहिलं नव्हतं.

"हे भाऊजींच्या बोअरचं पाणी आहे, मामाजी."

"माह्या पोराचं बोअर, माह्या बापाची इहीर. मी मधात बसलो. तुले काय तरास?"

"पाइप कोणी आणला?"

दोघंही गवारीकडे बघू लागले. मग जाऊ म्हणाली, "मोठ्या भाऊजींनी. बुलढाण्याहून."

म्हणजे माझ्या नवऱ्याने. म्हणजे दीर आणि मी सोडून घरातल्या सगळ्यांना झऱ्याचा पत्ता माहीत होता.

"अगं, मग मला काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही लिहून ठेवलं असतं ना, ताई."

मी ठेवलंच असतं. मी पायरीवर बसले. मोटरचा पाइप अजून ठिबकत होता.

"किती वेळ चालू होतं?"

"जेवणं झाल्यापासून. एक वाजले असतीन," जाऊ म्हणाली.

घड्याळात सव्वातीन झाले होते.

"मध्ये किती वेळा बंद केलं?"

"नाई केलं."

"उचकी नाही दिली?"

आमचं बोअर उचकी देतं. पाणी संपत आलं की पाइपातून हवा येते, फच फच करतं, मग मोटर बंद करून दोन तास थांबायचं. गेल्या वर्षी याच महिन्यात त्याच्यावरून घरात इतकी भांडणं झाली की मी पाळ्यांचा तक्ता केला होता. तो अजून स्वयंपाकघराच्या दाराला मागून चिकटवलेला होता. मी जाऊन तो काढून आणला. मागच्या वर्षी, हेच दिवस: पंचवीस मिनिटं, उचकी. वीस मिनिटं, उचकी. या वर्षी पाऊस काही जास्त झाला नव्हता. गल्लीतल्या बाकीच्यांची बोअर उचक्या देत होतीच, त्यांचे आवाज आमच्या घरात येत होते. आमचं सव्वादोन तास चाललं आणि बंद करावं लागलं ते माझ्यामुळे.

बोअर पुढे, विहीर मागे, मध्ये चाळीस पावलं. पावसाळाभर विहिरीने जे गिळलं होतं ते तिकडे निघत होतं. मामाजी ते तिकडून ओढून पुन्हा इकडे टाकत होते. विहीर ते पुन्हा गिळून तिकडे पाठवत होती. एकच पाणी महिनाभर आमच्या घराखालून गोल गोल फिरत होतं, आणि मी त्याच्या रोज सकाळी नोंदी घेत होते.

तुळशीच्या लग्नाला तीन दिवस होते. मामाजींनी मला एकच सांगितलं, "आता बोलू नको कोनाले." मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दीर सकाळीच तयार होता. दुपारी जेसीबी सांगून ठेवला होता, पण माणूस सरळ. आधी मोजायचं म्हणाला. स्वतः दोरी सोडली, वर ओढली, ओल्या गाठी मोजल्या. पुन्हा सोडली. दोन परस आणि वर वीतभर.

त्याने दोरी गुंडाळून काठावर ठेवली. मग म्हणाला, "ठीक हाये. राह्यली तुमची इहीर." खिशातून फोन काढला, जेसीबीवाल्याला नको सांगायला.

मामाजींनी डोळे मिटून घेतले. जाऊ आत जायला वळली. सगळं पार पडलं होतं. मी तोंड बंद ठेवायचं होतं, एवढंच.

"भाऊजी, थांबा," मी म्हणाले. "यातलं बरंचसं पाणी तुमच्या बोअरचं आहे."

यजमान आभाळात काहीतरी शोधू लागले. मामाजींनी डोळे उघडले. "तीन दिस गप बसली," ते म्हणाले, "अन् आजच काऊन बोलली?"

"आज मोजणी आहे, मामाजी. खोट्या मापावर सही नाही होत माझी."

दिराला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने पाइप बघितला, बायकोकडे बघितलं. "तू बी?"

"मी फक्त बटन दाबलं."

"म्हंजे मी तिकडे भगोणी घासाले पाणी जपून वापरून राह्यलो, अन् तुम्ही इकडे इहिरीत ओतून राह्यले? सारे मिळून?"

"तुझी वहिनी नव्हती यात," यजमान म्हणाले. तेवढं त्यांनी माझ्यासाठी केलं.

मी दोन्ही कागद पुढे केले. मागच्या वर्षीचा पाळ्यांचा तक्ता आणि गुरुवारचे सव्वादोन तास. विहिरीचं पाणी बोअरला जातं, तुमचंच बोअर वाढलंय, ही बुजवली तर उचकी परत येईल, असं सगळं सांगितलं. त्याने कागद बघितलेही नाहीत.

"कागद तुमचे, पेन तुमचा. कायबी लिहिता येते." त्याने चळतीतून एक खुर्ची ओढली, बोअरपाशी टाकली आणि बसला. "लाव मोटर. मी पाह्यतो कशी उचकी देत नाई ते. अर्ध्या तासात दिली तं दुपारी जेसीबी लागला म्हना."

मोटर लागली. पाइप एका भगोण्यात सोडला. सगळे उभे राहिलो. दहा मिनिटांनी मामाजींनी खुर्ची घेतली, मग यजमानांनी. पंचवीस मिनिटांनी दीर पुढे वाकून पाइपाला कान लावून बसला. अर्धा तास झाला.

"आता देईन," तो म्हणाला.

गल्लीतले लोक डोकावू लागले. आमच्याकडे काय चाललंय ते विचारून एकेक खुर्ची घेऊन बसले. खुर्च्यांची कमी नव्हती. एक भगोणं भरलं, दुसरं भरलं, मग कढया, ड्रम, गंज, पाण्याची टाकी. तासाभराने जावेने चहा केला. समोरच्या म्हातारीने विचारलं, "सोयरीक हाये का बाई काही?"

"बोअर पाहून राह्यलो," दीर म्हणाला.

"पसंत हाये का?"

सगळी भांडी भरली होती. पाणी अंगणात वाहू लागलं. दिराने इकडे तिकडे बघितलं.

"आता कुठी सोडू?"

मामाजी उठले. पाइपाचं तोंड हातात घेतलं, ओढत मागे नेलं आणि विहिरीत सोडून दिलं. परत येऊन खुर्चीत बसले. दिराने ते सगळं बघितलं, आणि पुन्हा पाइपाला कान लावला.

दोनच्या सुमाराला जेसीबी आला. नको सांगायचा फोन राहूनच गेला होता. ड्रायव्हर उतरून विचारू लागला कुठून सुरू करू. यजमानांनी त्याला खुर्ची दिली. थोड्या वेळाने त्यालाही रस वाटू लागला. त्याच्या गावचं बोअर बारा मिनिटांत उचकी देतं म्हणे.

साडेचारला दिराने उठून बटन बंद केलं.

"दिली का उचकी?" म्हातारीने विचारलं.

"मोटर गरम झाली," तो म्हणाला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "आला तं काम करून जा. तो मुरूम फाटकापुढे पसरव, चिखल होते तिथी." आणि मला म्हणाला, "वहिनी, लिहा. इहीर राहीन."

मी वही उघडली. "अट काय?"

"अट नका लिहू बाप्पा आता काही."

गोडाऊन त्याने पुढे स्लॅबवर बांधलं आणि त्याच्या टिनाची पन्हळ स्वतःच विहिरीकडे वळवली, मला न विचारता. आता घरी कोणी पाव्हणा आला की तो त्याला बोअर दाखवतो. नुसतं दाखवत नाही, अर्धा तास बसवून ऐकवतो. चहा त्यानंतर.

मामाजी मात्र माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. जेवायचे, पण मीठ हवं असलं तरी जावेकडे मागायचे. नवव्या दिवशी त्यांनी मीठ माझ्याकडे मागितलं आणि विषय संपला.

वैशाखात विहीर कोरडी झाली. पार तळापर्यंत. बोअर चालू होतं, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. एका भर दुपारी मामाजींनी मला मागून हाक मारली. ते काठावर वाकून उभे होते.

"पाह्य खाली."

मी बघितलं. काळ्या दगडावर ऊन पोचलं होतं. तळापासून वर दगडभर छिन्नीचे टिचे होते, हजारो, आणि सगळे एकाच बाजूला कललेले.

"सारे तिकून इकडे," ते म्हणाले. "बा डावखुरा होता माहा. लहानपणी मी वरून पाह्यचो. मंग पाणी लागलं, ते काही दिसलं नाई पुन्हा. गाळ काढला तवा दिसलं, अन् आज."

मीही त्यांच्याशेजारी काठावर वाकले.

"पाणी असलं की हे दिसत नाई," ते म्हणाले.

"मग मामाजी, तुम्ही महिनाभर पाइप धरून एवढं पाणी काऊन ओतून राह्यले होते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू लिहिलं होतं म्हनून."